अँबर एल: ५० पैकी किती गुण?

"मस्त आहे" किंवा "बोअर आहे" यापलीकडे बिअरबद्दल बोलायचं कसं? आज अँबर एल घेऊन बघू.

अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमचे परीक्षक ५० गुणांची पत्रिका वापरतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५, एकूण प्रभावाला १०. तो तांबूस रंग बघून आपण भुलतो, पण त्याला गुण जेमतेम ३!

आधी वास घ्या. ग्लास फार गार असेल तर हातात धरून जरा थांबा, थंडीने वास दबतो. अमेरिकन अँबरमध्ये क्रिस्टल माल्टचा कॅरमेलसारखा वास येतो, सोबत हॉप्सचा, बऱ्याचदा संत्र्याच्या सालीसारखा. मग छोटा घोट. आधी गोडवा, मागून कडवटपणा. दोघांचा तोल हवा. नुसती पाकासारखी लागली तर गुण कापा.

आता दोष. लोण्यासारखा वास आला तर तो डायअसेटिलचा. कधी यीस्टला पुरेसा वेळ दिलेला नसतो, कधी नळाची पाइप अस्वच्छ असते. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर बिअरला ऑक्सिजन लागलाय, ती शिळी झालीय. "क्राफ्ट बिअर अशीच असते" हे ऐकून घेऊ नका. पैसे तुमचे आहेत. शांतपणे सांगा, ग्लास बदलून मागा.

आणि हो, महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं. गाडी चालवायची असेल तर आज फक्त वासच घ्या! भेटू पुढच्या भागात.