फ्लेक्सवर स्वच्छ, फ्रेममध्ये धूसर

हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता येऊन मिळतो. तिथे लागणाऱ्या वीस बाय दहा फुटी फ्लेक्सवरचा चेहरा गाडीतून छान दिसतो. मग तोच फोटो बारा बाय अठरा इंचांच्या फ्रेमसाठी दिला, तर तो धूसर का येतो?

कारण मोठं प्रिंट लांबून बघायचं असतं. निरोगी डोळ्याला एक अंशाच्या साठाव्या भागाहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणून ३४३८ ला बघण्याच्या अंतराने (इंचांत) भागलं, की दर इंचाला किती पिक्सेल हवेत ते कळतं. हातात धरून, फूटभरावरून बघायचं तर सुमारे २८६. लॅबवाले ३०० मागतात ते यासाठीच. तीस फुटांवरून मात्र दहाही पुरतात. म्हणजे तिठ्यावरच्या फ्लेक्सला २४०० बाय १२०० पिक्सेल, तीन मेगापिक्सेलही नाहीत. बारा बाय अठराच्या फ्रेमला ५४०० बाय ३६०० लागतात, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या वर.

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेल देतो. याच रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीच्या कातळशिल्पातला हत्ती तीन फूट रुंद छापला, तर इंचाला १६६ पिक्सेल येतात आणि दोन फुटांवरून रेषा नीट दिसतात. प्रिंटची लांबी-रुंदी दुप्पट करायची तर पिक्सेल चौपट लागतात. म्हणून १२ वरून २४ मेगापिक्सेलवर गेल्याने प्रिंट जेमतेम दीडपट वाढतं. नवा कॅमेरा घेण्याआधी हा हिशेब जरूर करावा. कातळात कोरलेल्या उथळ रेषा तर भर दुपारी सपाट दिसतात. त्यांना मेगापिक्सेलपेक्षा सकाळचं तिरपं ऊन आणि ट्रायपॉड जास्त उपयोगी.

खरं नुकसान घरच्या फोटोंचं होतं. आजोबा गेले, की लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून काढतात. ओळीत बारा माणसं असतील, तर ६००० पैकी त्यांच्या वाट्याला रुंदीत पाचशेच पिक्सेल येतात. बारा इंच रुंद फ्रेममध्ये ते इंचाला बेचाळीस पडतात. सात फुटांवरून चेहरा ठीक दिसतो, पण हार घालायला जवळ गेलं की डोळ्यांच्या जागी नुसते डाग. आणि तो फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला असेल, तर अख्ख्या ग्रुपची रुंदीच साधारण सोळाशे पिक्सेलवर आलेली असते. आजोबांना त्यातले सव्वाशे-दीडशे. सॉफ्टवेअर तो मोठा करून देईल, पण त्यातल्या सुरकुत्या अंदाजाने भरलेल्या असतील. आपल्या माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत मला हे पटत नाही.

म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइलच मागून घ्या, आणि व्हॉट्सॲपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा, दारासमोरच्या उजेडात बसवून, फ्रेमभर चेहरा येईल असा एक फोटो या गणपतीत सगळे जमतील तेव्हाच काढून ठेवा. असा जवळून काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटोही बारा बाय अठराला इंचाला सव्वादोनशेच्या आसपास पिक्सेल देतो.