दंड खिशाला लागला पाहिजे

बेंगळुरूच्या बनशंकरीत हेल्मेटविना सापडलेल्या दुचाकीस्वाराला ५०० रुपये दंड होतो. केंद्राने २०१९ मध्ये तो १००० रुपये केला होता. कर्नाटकाने त्याच वर्षी निम्म्यावर आणला. थकलेल्या ई-चलानांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के सूट मिळाली आणि २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०२५ या काळात पुन्हा मिळाली. मुदतीत भरणाऱ्याने पूर्ण रक्कम भरायची आणि थकवणाऱ्याने अर्धी, हा उलटा न्याय झाला.

किरकोळ गुन्ह्यांची कायद्यातली वर्गवारी मात्र बारकाईने केलेली आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. शिक्षा केवळ दंडाची आणि तीही ५००० रुपयांपर्यंत असेल, तर आरोपी कोर्टात न जाता टपालाने गुन्हा कबूल करून दंड भरू शकतो. वाहतुकीचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. त्यांतले अनेक मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोडीने मिटतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षाही आली. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्याला ती होऊ शकते. पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याने ५००० रुपयांहून कमी किमतीचा माल परत केला, तर त्यालाही तीच शिक्षा आहे.

दंड कोणाला किती झोंबतो, हा प्रश्न मात्र या वर्गवारीत कुठेच येत नाही. फिनलंडने तो १९२१ मध्येच सोडवला, पुढे स्वीडन आणि डेन्मार्कनेही हीच वाट धरली. फिनलंडमध्ये बारीकसारीक वाहतूकभंगाला आजही ठरावीक रक्कमच भरावी लागते. वेग मर्यादेपेक्षा ताशी २० किलोमीटरहून जास्त झाला, की मिळकतीवर आधारलेला ‘दिवस-दंड’ लागतो. गुन्ह्याच्या गांभीर्यावरून दिवसांची संख्या ठरते. एका दिवसाची रक्कम काढताना महिन्याच्या निव्वळ उत्पन्नातून २५५ युरो वजा करून बाकीला ६० ने भागतात. उत्पन्नाचा आकडा पोलिसांना करखात्याच्या नोंदीतून मिळतो. २००२ मध्ये नोकियाच्या एका संचालकाला ५० च्या हद्दीत ७५ च्या वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो दंड झाला. पुढे अपिलात तो बराच कमी झाला.

वजावट सोडून हेच गणित बेंगळुरूत मांडले, तर दहा दिवसांच्या दंडापोटी महिना २० हजार मिळवणाऱ्याला सुमारे ३,३३० रुपये भरावे लागतील आणि तीन लाख मिळवणाऱ्याला ५० हजार. भारतात असंख्य लोकांचे उत्पन्न करखात्याच्या नोंदीतच नाही, ही अडचण खरी आहे. तरी बेदरकार वेग आणि मद्यपान करून वाहन चालवणे या दोन गुन्ह्यांपुरता, प्राप्तिकर विवरणपत्र भरणाऱ्यांना असा दंड लावायला सुरुवात करावी. थकबाकीवरची सूट तर आधी बंद करावी.