पाय फाकलेले पिल्लू

आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरामागे काही वर्षे कोंबड्यांचे एक खुराडे होते, हे अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. एका फेब्रुवारीत खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली होती. एकविसाव्या दिवशी त्यांतून नऊ पिल्ले बाहेर पडली. मांजराच्या भीतीने मी ती पुठ्ठ्याच्या खोक्यात हलवली, तळाशी स्वच्छ वर्तमानपत्र अंथरले आणि वर विजेचा दिवा टांगला. दुसऱ्या दिवशी आठ पिल्ले धावत होती. नववे पोटावर पडून होते, त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले होते. स्वयंपाकघरातील मावशी म्हणाल्या, "ते काय जगत नसतंय, सर. त्याचं नशीबच तसलं." सातवीतील एका मुलीने मात्र विचारले, "सर, पण असं कशानं झालं?"

इतिहासाच्या शिक्षकाला या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता आले नाही. पशुवैद्यकांना विचारल्यावर उलगडा झाला. नवजात पिल्लाची हाडे मऊ आणि स्नायू दुबळे असतात. गुळगुळीत कागदावर त्याचा पाय घसरतो, ते पुन्हा उठते, पुन्हा घसरते; अखेर पाय बाहेरच्या बाजूला वळतात आणि तसेच राहू लागतात. म्हणजे पिल्लाच्या नशिबाचा येथे काहीही संबंध नव्हता. दोष कागदाचा होता आणि तो अंथरणारा मी होतो. जे घडते ते कारणाने घडते, हे आपण मुलांना शिकवतो. त्या दिवशी ते मला नव्याने शिकावे लागले.

असे पिल्लू आढळले, तर काय करावे? प्रथम थोडे थांबावे. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू ओले व थकलेले असते. पहिले काही तास ते धडपडणारच. पोटातील बलकाच्या साठ्यावर ते दोन दिवस तग धरू शकते, म्हणून त्याला घाईने भरवू नये. मात्र पूर्ण वाळल्यावरही पाय फाकलेलेच राहिले, तर त्याच दिवशी उपचार सुरू करावा. हाडे मऊ असतात तोवरच ती सरळ होतात; आठवडा लोटला की यशाची शक्यता फार कमी होते.

सर्वप्रथम कागद काढून टाकावा आणि खरखरीत गोणपाट अंथरावे. सोलापुरात जुन्या टॉवेलांना तोटा नाही. परंतु त्यांच्या सुटलेल्या धाग्यांत नखे अडकतात, एवढे पाहावे. नंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चिकटपट्टीची बोटाच्या निम्म्या रुंदीची पट्टी कापावी. एकाने पिल्लू ओंजळीत अलगद धरावे, दुसऱ्याने पाय नैसर्गिक स्थितीत, साधारण अडीच सेंटीमीटर अंतरावर आणावेत. पट्टी पंजाच्या वर व गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या खाली एका पायाभोवती घ्यावी, मधले अंतर राखून दुसऱ्या पायाभोवती न्यावी आणि चिकट बाजू चिकट बाजूवर दाबावी. ही बेडी आवळलेली नसावी. पंजा सुजला किंवा काळानिळा दिसला, तर ती तत्काळ सोडावी. पिल्लू रोज वाढते, म्हणून दररोज पट्टी तपासावी व गरजेनुसार बदलावी. काढताना थोडे खाद्यतेल लावले की कातडी ओरबाडत नाही.

सुरुवातीला पिल्लू कोलमडेल. दिवसातून चार-पाच वेळा त्याला हाताचा आधार देऊन उभे करावे. पाणी उथळ बशीत, तळाशी खडे टाकून ठेवावे. अन्यथा ते त्यात पडून बुडू शकते. धडधाकट पिल्ले दुबळ्याला टोचतात, म्हणून त्याला वेगळे, पण एका शांत सोबत्यासह ठेवावे. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करावी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दिव्याची गरजच नसते. पिल्ले चोच उघडी टाकून धापा टाकू लागली, तर ऊब जास्त आहे. एकमेकांवर गर्दी करू लागली, तर कमी आहे, असे समजावे. हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

सर्वच पायदोष असे बरे होत नाहीत. बोटे आत वळून पिल्लू मागच्या सांध्यावर चालत असेल, तर बहुधा आहारात बी-2 जीवनसत्त्व कमी असते. मँगनीजच्या अभावाने सांध्यावरील स्नायुरज्जू सरकते. तेथे पट्टी पुरेशी नाही, पशुवैद्यकांकडेच जावे. केवळ ज्वारीच्या कण्या किंवा तांदूळ यांवर पिल्ले नीट वाढत नाहीत. त्यांना पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य द्यावे.

तांदळावरून एक इतिहास आठवतो. 1890 च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो देणे बंद केले आणि त्या पुन्हा साध्या, बिनसडीच्या तांदळावर आल्या. सडताना निघून जाणाऱ्या कोंड्यातच पाय सावरणारे द्रव्य होते. जीवनसत्त्वांच्या शोधाचा मार्ग या लुळ्या कोंबड्यांनी दाखवला आणि आइकमन यांना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनीही त्या सातवीतल्या मुलीचाच प्रश्न विचारला होता.

आमचे पिल्लू तिसऱ्या दिवशी उभे राहिले आणि पाचव्या दिवशी पट्टीविना चालले. पुढील खेपेला असेच दुसरे पिल्लू मात्र आम्ही वाचवू शकलो नाही. त्याची नोंदही मुलांनी वहीत केली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आईने अंडी विकून वह्या-पुस्तके आणली आहेत. एका पिल्लाची किंमत त्या घरांना सांगावी लागत नाही. सुट्टीत घरी आलेले मूल असे पिल्लू हातात घेऊन आले, तर पालकहो, त्याला "टाकून दे" म्हणू नका. आधी खोक्याचा तळ पाहा.