बॅट आणि चेंडू

आपल्या शहरातील आमखास मैदानावर खेळ थांबला की मुले एकमेकांच्या बॅटी हातात घेऊन पाहतात. कोणाची बॅट चांगली, यावर वाद होतो. हे कसे ठरवावे?

बॅट विलो नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. काश्मिरी विलो स्वस्त, तर इंग्लिश विलो महाग असतो. नियमानुसार बॅटची रुंदी १०.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसते; वजन मात्र आपल्याला निवडता येते. म्हणून बॅट एका हाताने उचलून पाहा. हात लगेच दुखू लागला, तर ती कितीही महाग असली तरी तुमच्या कामाची नाही.

टेनिसचा चेंडू सुमारे ५८ ग्रॅम वजनाचा, तर लेदरचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा व कठीण असतो. टेनिस चेंडूसाठी बनवलेली हलकी बॅट लेदरच्या चेंडूने तुटू शकते. लेदरच्या चेंडूने खेळताना पॅड, हातमोजे आणि हेल्मेट हवेच. नवी बॅट एक वर्षाने घेता येईल, डोळा पुन्हा मिळणार नाही.

लेदरच्या चेंडूला उंच शिवण असते. ती जमिनीवर आपटली की चेंडू दिशा बदलतो. आपल्या शहरात जन्मलेले वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी २००१ साली मोहाली येथे भारताकडून कसोटी सामना खेळले. शिवण प्रत्येक चेंडूला असते. ती वापरण्याची कला सरावानेच येते.