वय २८, दाढ दुधाची!

डेडलाइनच्या रात्री पॉपकॉर्नचा न फुटलेला दाणा चावला आणि खालची डावी दाढ ठणकायला लागली. जवळच्या डेंटिस्टनी तोंडात डोकावून निकालच देऊन टाकला, ‘‘दुधाची दाढ आहे ही. काढून टाकू, खालून पक्की येईल.’’

दुधाची? अहो, मी क्रेडिट कार्डाची बिलं भरते! ‘‘एक्स-रे नको काढायला?’’ मी विचारलं. ‘‘उगाच खर्च कशाला?’’

तिथून सटकले ते बरं झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी ओपीजी काढायला लावला. हनुवटी टेकवून उभं राहायचं, मशीन डोक्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटात दोन्ही जबडे एका चित्रात. माझ्या त्या दाढेखाली चक्क काहीच नव्हतं. पक्की उपदाढ कधी तयारच झाली नव्हती. काढली असती तर कायमचं भगदाड!

मी काही एकटी नाही. अक्कलदाढा सोडल्या, तरी शंभरात साधारण सहा जणांचा एखादा पक्का दात जन्मतःच नसतो. बहुतेकदा खालची दुसरी उपदाढ, नाहीतर वरच्या पटाशीच्या शेजारचा दात. एमएसएक्स१, पॅक्स९ अशा जीन्सचा यात हात असतो, म्हणजे मामला खानदानी.

मग करायचं काय? मुळं शाबूत असतील तर दुधाची दाढ आणखी कित्येक वर्षं टिकते. माझी जराशी खाली बसलीय, म्हणून वरून कॉम्पोझिट लावून उंची वाढवली. दुखणं दाण्याने गेलेल्या तड्याचं होतं, तेही मिटलं. मुळं झिजलेली असती तर इम्प्लांट, ब्रिज किंवा तारा लावून फट बुजवणं. इम्प्लांट मात्र जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच.

‘खानदानी’ ऐकल्यावर मला आईचे लग्नाचे फोटो आठवले. प्रत्येक फोटोत तोंड मिटलेलं. तिचा पटाशीशेजारचा एक दात खुंटीसारखा बारीक, टोकदार आहे. तो याच घोटाळ्याचा भाऊबंद निघाला! कॉम्पोझिटने तो एका सिटिंगमध्ये नीट दिसू शकतो, आणि ती ३० वर्षं पदर तोंडाशी धरून हसतेय.

दादाची मुलगी ९ वर्षांची. तिचे पक्के दात खाली आहेत का, ते आताच कळलं तर पुढचं प्लॅनिंग सोपं जातं. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. हे सांगायला फोन केला, तर आई जरा थांबून म्हणाली, ‘‘एकाच खेपेत दोघींचं होईल का गं?’’