पाच गोळ्यांचा निकाल

विरारहून सुटणारी सकाळची फास्ट लोकल पाच दिवस घड्याळ लावून बघा. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. तीच महिनाभर बघा, एखाद्या दिवशी पंधरा मिनिटं लेट सापडेलच. गाडी काही बिघडली नाही. आपण जास्त दिवस बघितलं, एवढंच.

हे आठवायचं कारण माझा मामेभाऊ. तो कोल्हापूरला रायफल शूटिंग करतो. १ ऑगस्ट २०२४ ला त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून स्वारी हवेतच आहे. दिवाळीत वसईला आला तो वही घेऊनच. काडतुसांच्या दोन लॉटच्या पाच-पाच गोळ्या त्याने क्रोनोग्राफवरून मारल्या होत्या. (दोन सेन्सर, मधलं अंतर ठाऊक, लागलेला वेळ मोजायचा. झाला वेग!) सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक 'अ' लॉटचा सेकंदाला ७ मीटर, 'ब' चा ११. म्हणून वर्षभराचा साठा महागड्या 'अ' चा घ्यायचा, असं ठरलं होतं. पैसे मामाचे!

वेगाची एवढी काळजी कशाला? ५० मीटरवर वेग ३३० ऐवजी ३२० झाला तर गोळी साधारण ७ मिलिमीटर खाली लागते, आणि दहा गुणांचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं. १२.७ मिलिमीटरची मोठी रायफल घ्या, १००० मीटरवर. वेग ८५० चा ८४० झाला तर हवेचा विरोध सोडूनसुद्धा १६ सेंटिमीटरचा फरक. विरोध धरला तर आणखी जास्त. परदेशात या खेळातले बरेच जण दारू तोलून काडतुसं स्वतः भरतात ती याच भीतीने. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने त्यालाही परवाना लागतो, तेव्हा हॉस्टेलवर नसते उद्योग नकोत.) पण मोठं काडतूस महाग, धक्काही जबर. त्यामुळे पाच गोळ्या मारून "माझा फरक फक्त एवढा" म्हणून थांबायचा मोह तिथेच सर्वांत जास्त.

इथे एम-फोर कामाला आलं. खरं स्टँडर्ड डेव्हिएशन ४ धरा. पाच गोळ्यांत कमाल-किमान फरक सरासरीने ९.३ येतो, दहांत १२.३, तीसांत १६.३. माल तोच! म्हणजे मोजणी किती गोळ्यांची हे सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थच नाही. डेव्हिएशन काढलं तर सगळ्या गोळ्यांचा उपयोग होतो, नुसत्या टोकाच्या दोघींचा नाही. पण तेही पाच गोळ्यांवरून काढलं तर कच्चंच. ४ आलं तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं २.४ ते ११.५ मध्ये कुठेतरी आहे. तीस गोळ्यांवर हीच पट्टी ३.२ ते ५.४ होते. व्हायवाला मला काय-स्क्वेअर आला नव्हता, तो त्या रात्री आला.

भाऊ वैतागला. "आणखी पंचवीस-पंचवीस गोळ्या जाळू?" म्हटलं, जाळ. वर्षभराच्या खोक्यांपुढे त्या किती!

पंधरा दिवसांनी फोन आला. तीस गोळ्यांत 'अ' चा फरक १७, 'ब' चा १६. डेव्हिएशन ४.१ आणि ३.९, म्हणजे दोन्ही सारखेच. मामाने स्वस्तातला 'ब' घेतला.