थंडीत गाडी का रुसते?

मोटारींचे गाव म्हणून आपल्या पिंपरी-चिंचवडचे नाव सगळीकडे झाले आहे. पिंपरीला टाटा, आकुर्डीला बजाज, पलीकडे चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभ्या राहा. एखादी तरी गाडी सुरू होते, चार हात जाते आणि धाप लागल्यासारखी बंद पडते. घरातले पुरुष पहिल्या पाळीच्या बसने केव्हाच गेलेले असतात. मुलांच्या शाळेची घाई आणि ती रुसलेली गाडी, दोन्ही आपल्याच गळ्यात!

खरे तर आपली थंडी ती काय? पुण्यात १९३५च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी आठ-दहा अंश म्हणजे डोक्यावरून पाणी. एवढ्याने धडधाकट गाडी बंद पडत नाही. कुठेतरी दुखणे असते, ते थंडीत वर येते.

मिस्त्री आला की त्याचे पहिले बोट बॅटरीकडे जाते. तेव्हा आपण एवढेच आठवावे की सेल्फ कसा फिरला. रडतखडत फिरला, तर बॅटरी पाहा. पण गाडी झटकन सुरू होऊन मग बंद पडली, तर दोष बहुधा हवा-पेट्रोलच्या मिश्रणात असतो. मग नव्या बॅटरीचे पैसे कशाला घालवायचे?

इंजिन गार असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून त्याला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागते. जुन्या फियाटमध्ये त्यासाठी चोक ओढायचा असे. आताच्या गाडीत इंजिनाचे तापमान सांगणारा एक छोटासा सेन्सर असतो. इंजिन गार असताना तो ‘गरम आहे’ असे सांगू लागला, की पेट्रोल कमी मिळते आणि इंजिन मान टाकते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे हवा आत येते त्या थ्रॉटलवर बसलेला कार्बन. पाय उचलला की गाडी बंद, असे होत असेल तर तो साफ करून घ्यावा. प्लग जुने झाले असतील तर तेही बदलावेत.

सीएनजीवाल्या भगिनींनी मात्र जरा जास्त लक्ष द्यावे. काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, पण पुष्कळशा आधी पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर गॅसवर जातात. काटकसर म्हणून आपण टाकीत तळाशी घोटभर पेट्रोल ठेवतो आणि ते महिनोन्‌महिने तसेच राहते. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा धरते, बरं का! गॅसवर जाण्याआधीच गाडी बंद पडली तर पेट्रोलची बाजू तपासावी, गॅसवर जाताक्षणी पडली तर गॅसची.

मुलाच्या तापाची आपण डॉक्टरांसाठी नोंद ठेवतो ना? तशीच हीही ठेवावी: किती वाजता, किती वेळाने, पेट्रोलवर की गॅसवर, इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता का. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला नेऊन ठेवावी. दुपारी नेली तर तोवर ती तापलेली असते आणि शहाण्या मुलासारखी चालते. मिस्त्रीला दिसणार काय? सुटे भाग बदलण्याआधी मशीन लावून कोड वाचायला सांगावे.

‘तापवत ठेवा’ हा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. पण शटर लावलेल्या गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

मोशी-चाकणच्या रस्त्यावर, मागे ट्रक असताना गाडी बंद पडली तर घाबरू नये. स्टिअरिंग जड होते, ब्रेक घट्ट लागतो, पण दोन्ही काम करतात. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नये, एकदाच जोर लावून दाबून धरावा. गाडी डावीकडे घेऊन चारही इंडिकेटर लावावेत, मुलांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे आणि मगच फोन हातात घ्यावा.